लक्ष्मीबाई टिळक : बिऱ्हाड आणि चरित्र

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचा विचार करताना त्यांच्या अस्थिर वृत्तीचा उल्लेख बहुतेक अभ्यासकांनी केला आहे. एका गावी न टिकणे, हातची नोकरी सोडून देणे, घरी न सांगता निघून जाणे या गोष्टी त्यांच्या कविप्रकृतीचे किंवा सत्यशोधनाच्या तळमळीचे गमक मानल्या गेल्या. हे मानणे सर्वस्वी चुकीचे आहे असे नव्हे. परंतु या भ्रमंतीत त्यांच्या मागोमाग, आणि पुष्कळदा त्यांच्यावाचूनही, ज्या व्यक्तीला बिऱ्हाड हलवावे लागले, तिच्या बाजूने या स्थलांतरांचा हिशेब मांडला गेलेला दिसत नाही. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या आयुष्याची मांडणी सामान्यतः धर्मांतरापूर्वीचा आणि धर्मांतरानंतरचा अशा दोन खंडांत केली जाते. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. लक्ष्मीबाईंच्या मनात जो पालट झाला त्याची पूर्वतयारी १९०० सालाच्या फार आधी, एकामागून एक मोडलेल्या आणि पुन्हा मांडलेल्या चुलींपाशी झाली होती, असे त्यांच्या चरित्रातील घटनाक्रम नीट पाहिल्यास म्हणावे लागते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. वडिलांच्या सोवळ्याची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. बाजारातून आलेले धान्यच काय, पण मीठ-साखरदेखील धुतल्याशिवाय त्या घराचा उंबरा ओलांडू शकत नसे. या कथेतील विनोद इतका प्रभावी आहे की तिच्या तळाशी असलेली एक साधी गोष्ट नजरेआड होते. असे सोवळे पाळण्यासाठी घर स्थिर असावे लागते. पाण्याची जागा ठरलेली, स्वयंपाकघर आपले, शेजार पारखलेला आणि वस्तू कोठून आली हे सांगणारे माणूस ओळखीचे, एवढे सगळे असेल तरच विटाळाची रेघ ओढता येते. जलालपूरच्या त्या घरात हे सर्व होते. मनूला मात्र ते घरही फार काळ लाभले नाही. नाशिकच्या खांबेटे या निपुत्रिक नातलगांनी तिला आपल्याकडे नेले आणि तिच्या बालपणाचा मोठा भाग तेथे गेला. आयुष्यातील पहिले स्थलांतर असे लहानपणीच घडले. ते सुखाचे होते, एवढाच त्याचा पुढच्या स्थलांतरांहून वेगळेपणा.

१८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या वयात, मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळक त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म कोकणातील करजगावचा. पण आईच्या मृत्यूनंतर तापट आणि संशयी वडिलांच्या घराला त्यांनी पाठ फिरवली होती आणि नाशिकला येऊन परक्यांच्या आश्रयाने ते शिकत होते. लग्नाच्या वेळी नवऱ्यामुलाला स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते ही बाब चरित्रदृष्ट्या महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय ब्राह्मण मुलीच्या आयुष्यात माहेर आणि सासर असे दोन निश्चित बिंदू असत व तिचे सारे येणेजाणे या दोहोंमध्येच होई. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत दुसरा बिंदू स्थिर नव्हताच. मुरबाडसारख्या ठिकाणी त्या सासऱ्यांच्या हाताखाली राहिल्या. तेथे छळ होता. त्या छळातून सोडविणारा नवरा आज शिक्षकाची नोकरी करीत आहे तर उद्या कीर्तन-प्रवचनासाठी कोणत्या गावी गेला याचा पत्ता नाही, अशी स्थिती होती.

टिळकांच्या या काळातील भ्रमंतीची कारणे केवळ स्वभावात शोधणे योग्य नाही. पदवी नसलेल्या, संस्कृत जाणणाऱ्या, वक्तृत्वाची देणगी असलेल्या तरुणाला त्या वेळी तीनच वाटा होत्या. एक, शाळेतील तुटपुंज्या पगाराची मास्तरकी. दोन, एखाद्या श्रीमंत आश्रयदात्याच्या पदरी ग्रंथसंपादन. तीन, पुराण-कीर्तन आणि व्याख्याने. तिन्ही वाटांवर माणूस फार काळ एका जागी राहू शकत नसे. शाळा बंद पडत, आश्रयदात्याची मर्जी बदलत असे, आणि व्याख्यानाला श्रोते रोज मिळत नसत. पूर्वीच्या पिढीत भिक्षुकी वा वतन माणसाला गावाशी बांधून ठेवी. नव्या पिढीत रेल्वेचे जाळे आणि इंग्रजी-मराठी शाळांचा विस्तार यांनी त्याला गाव सोडायला शिकवले. आधुनिक मराठी कवितेची पहिली पिढी जवळजवळ सगळीच अशी पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरलेली आहे. केशवसुत मुंबईची धडपड आटोपून भडगाव, फैजपूर, धारवाड अशा शाळांतून फिरले आणि १९०५ मध्ये हुबळीस प्लेगने गेले. पाठोपाठ त्यांच्या पत्नीही गेल्या. बालकवींचे वडील पोलीस खात्यात असल्याने त्यांचे बालपण खानदेशातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी बदलीबरोबर सरकत राहिले. या कुटुंबांतील स्त्रियांनी आपल्या बाजूची हकीकत लिहून ठेवलेली नाही. ती फक्त लक्ष्मीबाईंनी लिहिली, आणि म्हणूनच त्यांच्या चरित्राला एका व्यक्तीच्या चरित्रापलीकडचे मोल आहे.

नागपूरचा मुक्काम हा या पहिल्या पर्वातील सर्वांत दीर्घ आणि, अभ्यासाच्या दृष्टीने, सर्वांत भरीव. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे आणि 'ऋषी' या मासिकाचे काम मिळाले. येथे काही काळ संसाराला संसाराचे रूप आले. परंतु पैसा हाती आला की तो टिकत नसे. गरजू दिसला की टिळक खिसा रिकामा करीत. घरात शिधा नसताना बाजारात पाठविले असता देखणी दौत घेऊन ते परतल्याची गोष्ट लक्ष्मीबाईंच्या लेखनामुळे अजरामर झाली आहे. वाचक त्या प्रसंगावर हसतो. लक्ष्मीबाईही, लिहिताना, हसलेल्या आहेत. तथापि हा विनोद चाळीस वर्षांनंतरचा आहे हे विसरता कामा नये. ज्या दिवशी दौत घरी आली त्या दिवशी चुलीपुढे बसलेल्या स्त्रीपाशी हा विनोद उपलब्ध नव्हता. नव्या गावात उधार देणारा वाणी ओळखीचा नसतो, मागायला हक्काची शेजारीण नसते, आणि माहेर लांबच्या रेल्वेप्रवासापलीकडे असते. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराला अशी एखादी दौत परवडू शकते. फिरत्या बिऱ्हाडाला परवडत नाही.

याच वर्षांत अपत्यवियोगाचे घाव बसले. झालेल्या मुलांपैकी १८९१ साली जन्मलेला देवदत्त, म्हणजे दत्तू, एवढाच पुढे जगला. बाळंतपण एका गावी, आजारपण दुसऱ्या गावी, मृत्यू तिसऱ्या गावी असा क्रम असला म्हणजे दुःखालाही जागा उरत नाही. 'स्मृतिचित्रे'त मुलांच्या मृत्यूंवर लक्ष्मीबाई फार थोड्या ओळी खर्च करतात याचे कारण केवळ संयम नसावे. ज्या घरांत ती मुले वावरली ती घरेच लवकर सुटली. आठवणीला टेकायला भिंत राहिली नाही.

नागपूरचे बस्तानही उठले. १८९३ च्या सुमारास टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे निघाले आणि त्या आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी संवाद साधून नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. हा प्रवासी म्हणजे फ्री मेथॉडिस्ट पंथाचे अमेरिकन मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातील ही एक निर्णायक भेट. येथे यवतमाळच्या अभ्यासकाने थोडे थांबावे असे एक कारण आहे. वॉर्ड १८८१ मध्ये पत्नी फीबी यांच्यासह हिंदुस्थानात येऊन प्रथम बऱ्हाणपुरास राहिले होते आणि त्यांच्या फ्री मेथॉडिस्ट मिशनने पुढे यवतमाळ हे आपले वऱ्हाडातील प्रमुख ठाणे केले. १९५३ ते १९८३ या काळात यवतमाळात असलेले आणि नंतर पुण्याला गेलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे विद्यापीठ याच परंपरेच्या भूमीवर उभे राहिले. यवतमाळच्या स्थानिक इतिहासातील हा धागा मराठी कवितेच्या इतिहासाला असा आगगाडीच्या डब्यात येऊन मिळतो, याची नोंद जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात अद्याप पुरेशा प्रमाणात घेतली गेलेली नाही.

त्या डब्यातील भेटीचे वर्णन नेहमी दोन आत्म्यांची भेट असे केले जाते. ती दोन फिरत्या पुरुषांची भेटही होती. फरक एवढाच की वॉर्ड यांच्या फिरण्यामागे एक संघटना, तिचा निधी आणि तिने पुरवलेली घरे होती. टिळकांच्या मागे नाशिक-जलालपूरला ठेवलेली किंवा नागपूरच्या खोलीत वाट पाहणारी बायको होती. राजनांदगावलाही टिळकांचे बस्तान बसले नाही. तेथून मुंबई, तेथे अमेरिकन मराठी मिशनशी संबंध, आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा.

यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी माहेरच्या नातलगांच्या आश्रयाने, नाशिक-जलालपूर व पंढरपूर येथे, लहान दत्तूसह काढली. हा विरहकाळ म्हणून ओळखला जातो आणि लक्ष्मीबाईंच्या काव्यलेखनाचा आरंभ याच काळातला असल्याने त्याच्याकडे वाङ्मयीन कुतूहलाने पाहिले जाते. मात्र सामाजिक दृष्टीने पाहता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड स्थलांतर हेच होय. आतापर्यंत गाव बदलले तरी जात बरोबर येत होती. बदलीवर जाणारा ब्राह्मण कारकून नव्या गावी ब्राह्मण आळीतच खोली घेई, पाणवठा तोच मिळे, हळदीकुंकवाचे आमंत्रण आठवड्याच्या आत येई. म्हणूनच सरकारी चाकरीतील कितीतरी कुटुंबे आयुष्यभर फिरूनही सोवळ्यात तसूभर ढिली झाली नाहीत. स्थलांतराने माणूस आपोआप उदार होतो असा निष्कर्ष लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून काढणे हा भाबडेपणा ठरेल. १८९५ नंतर मात्र त्यांच्यापुढचा प्रश्न गाव बदलण्याचा राहिला नाही. ज्या जाळ्याच्या आधाराने गाव बदलता येत होते ते जाळेच नवऱ्यापुरते तुटले होते. नातलगांकडे राहावे तर आश्रिताचे जिणे; नवऱ्याकडे जावे तर पाणी कोठले प्यावे येथपासून प्रश्न.

या पेचातून त्यांनी काढलेला मार्ग त्यांच्या व्यवहारबुद्धीचा पुरावा आहे. अहमदनगरला जाऊन त्या टिळकांजवळ राहू लागल्या, पण आपली चूल, आपले पाणी, आपली भांडी वेगळी ठेवून. एका अर्थी जलालपूरच्या घराची ती लहानशी प्रतिकृती होती, आणि तिला पाया नव्हता. अमेरिकन मराठी मिशनच्या कामानिमित्त टिळकांचे घर म्हणजे विद्यार्थी, उपदेशक आणि वाटसरू यांची धर्मशाळा झाले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने त्यात निराधार मुलांची भर पडली. अशा घरात एका कोपऱ्यात सोवळ्याची रेघ ओढून बसणे रोज अधिकाधिक कष्टाचे झाले. टिळकांनी याबाबत बळजबरी केली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. बायकोला हवे ते सोवळे पाळता यावे म्हणून त्यांनी सोयही करून दिली. त्यांचा अन्याय निराळ्या जातीचा होता. ते सक्ती करीत नसत, पण विचारीतही नसत. कोठे जायचे, केव्हा जायचे, घरात आणखी कोणाला आणायचे, हे ठरून झाल्यावर लक्ष्मीबाईंना कळत असे.

नगरहून राहुरीला बिऱ्हाड हलले त्या सुमारास लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेदाची गाठ सुटली. कोणत्याही माणसाच्या हातचे पाणी पिण्यास हरकत नाही असा निर्णय त्यांनी प्रवासातील एकांतात, कोणाच्याही उपदेशावाचून, स्वतःच्या तर्काने घेतला. १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी पाण्याचा निर्णय, मग धर्माचा. पतीने तत्त्वचिंतनातून आणि ग्रंथांतून जो प्रवास केला तो पत्नीने घागर, चूल आणि पंगत यांच्या मार्गाने केला. पतिनिष्ठेपोटी त्या ख्रिस्ती झाल्या असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी आणि मिशनच्या प्रभावाचे श्रेय मिशनला देणाऱ्या चरित्रकारांनी दोघांनीही या घागरीकडे दुर्लक्ष केले आहे. वीस वर्षे दर एक-दोन वर्षांनी पाणवठा बदलणाऱ्या स्त्रीने पाण्याबद्दल काही विचार केला असेल, ही शक्यता त्यांना सुचली नाही.

पुढील सतरा वर्षे नगर हे टिळक कुटुंबाचे मुख्य गाव राहिले. १९०४ मध्ये टिळकांना दीक्षित धर्मोपदेशकाचा दर्जा मिळाला. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. या काळाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण तो तुलनेने सुखाचा आहे आणि त्याची माहिती सर्वत्र उपलब्ध आहे. एक गोष्ट मात्र नोंदवावी. स्वतः इतकी घरे गमावलेल्या लक्ष्मीबाईंचे घर आता इतरांचे आश्रयस्थान झाले. तारा या मुलीला त्यांनी आपली केली. प्लेगच्या साथीत त्यांनी मुलांची शुश्रूषा केली. बदल्यांच्या घरात वाढलेल्या, कोठेच न रमणाऱ्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना, म्हणजे बालकवींना, नगरच्या या घरात मुलाची जागा मिळाली. बालकवींच्या हट्टांची आणि रुसव्यांची जी चित्रे लक्ष्मीबाईंनी रेखाटली आहेत त्यांत एका उपऱ्याला दुसऱ्या उपऱ्याची ओळख पटल्याची खूण आहे.

१९१७ साली टिळकांनी पुन्हा एकदा सर्व मोडले. मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त होऊन त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' ही संकल्पना मूर्त करण्याचा प्रयत्न आरंभिला. आध्यात्मिक दृष्टीने हा त्यांच्या जीवनाचा कळस मानला जातो. संसाराच्या वहीत त्याची नोंद वेगळी आहे. पन्नाशीला आलेल्या स्त्रीने नियमित मिळकतीवाचून, नव्या गावात, संन्यस्त पतीचा संसार चालवावा अशी ही अपेक्षा होती. ती त्यांनी पुरी केली. तक्रार केली नाही असे मात्र नाही. लक्ष्मीबाई भांडत असत, आणि टिळकांच्या मोठेपणाचा एक भाग असा की ते भांडण त्यांना मान्य असे. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ बालकवींना आगगाडीखाली मृत्यू आला. पुढच्या वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले.

येथून पुढची स्थलांतरे लक्ष्मीबाईंची स्वतःची आहेत. अर्थार्जनासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून काम पाहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या नोकरीमागे फिरलेल्या स्त्रीने आता आपल्या नोकरीसाठी बिऱ्हाड हलवले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, टिळकांनीच घरी अक्षरओळख करून दिलेल्या या बाईंना तो जम बसवणे सोपे गेले नाही. नंतर कराची. मराठी मुलखाबाहेर, समुद्रकाठच्या त्या शहरात, सिंधी आणि उर्दू ऐकत त्यांनी काही काळ घालवला आणि अखेर त्या नाशिकला परतल्या. जलालपूर तेथून हाकेच्या अंतरावर होते.

नाशिकच्या या शेवटच्या घरात 'स्मृतिचित्रे' आकाराला आली. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांच्या चरित्रासाठी साधने हवी होती; आईने आठवणी लिहायला घेतल्या आणि त्या तिच्याच आत्मचरित्राचे रूप घेत गेल्या. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध झाले. या ग्रंथाच्या रचनेबद्दल एक निरीक्षण येथे आवश्यक आहे. त्यात सनावळ्या विरळ आहेत. १९८९ साली अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली आवृत्ती हाताशी नसेल तर अनेक घटनांचा काळ ठरविणे कठीण जाते. याला लेखिकेचा निष्काळजीपणा मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः तेथे कालगणना नाही असे नाही. ती गावांची गणना आहे. अमुक झाले ते मुरबाडास असताना, तमुक झाले ते नागपूरच्या बिऱ्हाडात, हे राहुरीचे, ते साताऱ्याचे. प्रत्येक घराबरोबर त्या घरातील माणसे, भांडी, खोड्या आणि भांडणे येतात, आणि घर सुटले की तो अध्याय संपतो. स्थिर घरात राहणारा मनुष्य वर्षे मोजतो. फिरत्या संसारातल्या बाईने बिऱ्हाडे मोजली. 'स्मृतिचित्रे' या नावातील चित्रे सुटी आहेत, त्यांना जोडणारे निवेदन थोडे आहे, याची संगतीही येथेच लागते.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण करण्याचे काम याच वर्षांत लक्ष्मीबाईंनी हातावेगळे केले. पतीने लिहिलेल्या थोड्या अध्यायांपुढे त्यांनी बहुतांश ग्रंथ स्वतः रचला. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या गोष्टी आवरून ठेवण्याची सवय त्यांना होतीच. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले तेव्हा 'स्मृतिचित्रां'चा चौथा भाग प्रसिद्ध व्हायचा होता. तो देवदत्तांनी सिद्ध केला. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये आणि 'भरली घागर' हा त्यांच्या कवितांचा संग्रह १९५१ मध्ये प्रकाशित झाला.